वखदाची बाटली

काजूचे दिवस पुन्हा आले. सर्वणच्या डोंगरावर बोंडं पिकून खाली पडू लागली की सगळ्या वाड्याला, म्हणजे आमच्या वस्तीला, गोडसर, आंबूस वास सुटतो. लोकांना तो आवडतो. शहरातून येणारे गाडीच्या काचा खाली करून हुंगतात. मलाही सत्तर वर्षं आवडला. गेल्या वर्षापासून तो वास नाकात शिरला की माझे हात गार पडतात.

कारण आधीच सांगून टाकते, म्हणजे कुणी शेवटपर्यंत वाट बघायला नको. गेल्या वर्षी याच दिवसांत माझ्या हातून माझ्या पणतीचा जीव जात होता. माझ्या हातात कोयता नव्हता की काठी नव्हती. चमचा होता.

माझं शिक्षण चौथीपर्यंत. माहेर पेडण्याचं. तिथल्या मराठी शाळेत चार यत्ता झाल्या आणि पाटी सुटली. घरात आम्ही आमच्या बोलीत बोलतो, पण लिहायला शाळेत मराठीच शिकवली म्हणून मराठीत लिहिते. लग्न होऊन सर्वणला आले. पाच मुलं झाली, चार वाढली. नंतर नातवंडं, आता पणती. एवढी पोरं या दोन हातांतून गेली, त्यामुळे पोरांच्या दुखण्याखुपण्यातलं मला सगळं कळतं असा माझा समज होता. वाड्याचाही होता. कुणाचं पोर तापलं, पडलं, भाजलं, की आया त्याला कडेवर घेऊन माझ्याकडे यायच्या. मी हात फिरवायची. वाटलेलं काहीतरी लावायची. पोरं बरी व्हायची. बहुतेक पोरं काहीही लावलं तरी बरी होतात, हे मला तेव्हा कुणी सांगितलं नाही.

काजूच्या दिवसांत पोरांची दुखणीही काजूचीच. ओल्या बीच्या सालीत तेल असतं. ते ॲसिडासारखं कातडी जाळतं. मोठी माणसं हाताला राख फासून बिया सोलतात. पोरं दातांनी फोडतात. माझा थोरला प्रकाश सहा वर्षांचा असताना असाच बी चावून आला. संध्याकाळपर्यंत त्याचे ओठ सुजून वडे झाले. माझी सासू त्याच्याकडे बघून म्हणाली, "आता बरो दिसता. चार दीस तोंड तरी गप रवतला." आणि तिने त्याच्या तोंडाला खोबरेल फासलं. मी त्याहून शहाणी. दुसऱ्या दिवशी फोड आले ते मी बोरीच्या काट्याने एकेक फोडले. पाणी काढलं की आग कमी होते असं मला वाटायचं. त्याच्या हनुवटीवर पू झाला, तो डाग आज साठीला आला तरी आहे. साबण आणि पाणी, भरपूर पाणी, आणि फोडाला हात लावायचा नाही, एवढंच करायचं असतं. हे मला गेल्या वर्षी कळलं.

तिसरी लता काजूच्या झाडावरून पडली. हात कोपरात वाकडा झाला. आम्ही तिला हाड बसवणाऱ्याकडे नेलं. त्याने कोपर ओढलं, ती किंचाळली, त्याने बांबूच्या कामट्या बांधल्या आणि म्हणाला, "बसला." तो हात आजपर्यंत सरळ झालेला नाही. लता केसांना क्लिप लावते ती डाव्या हाताने. एकदा तिने नाकात चिंचोका घातला होता, तोही मी डोक्याच्या आकड्याने काढायला गेले आणि आणखी आत ढकलला. ती रडत होती आणि मी तिच्या पाठीत धपाटे घालत होते की नीट बस. हे आता लिहिताना बघते तर जखम पोरीने एकदा करून घेतली होती, दुसऱ्यांदा मी केली होती. बहुतेक वेळा असंच झालेलं आहे.

पण या सगळ्याला मी हसायची. घरात जमलो की हे किस्से निघायचे, प्रकाशचे ओठ, लताचा चिंचोका. जे पोर हसायला उरलं त्याच्याच गोष्टी घरात सांगतात.

आता बाटलीचं सांगते. आमच्याकडे वखद म्हणजे औषध. बोंडं तुडवून रस काढतात, तो भट्टीवर चढवतात, पहिला उतरतो तो हुर्राक, तो पुन्हा चढवला की फेणी. आमच्या घरात कुणी पिणारं नाही. माझ्या नवऱ्याने आयुष्यात थेंब घेतला नाही. तरी दर वर्षी भट्टीवरून एक बाटली यायची आणि देवघराच्या बाजूच्या फळीवर बसायची. तिला कुणी दारू म्हणत नसे. ती वखदाची बाटली. सर्दीला छातीवर चोळायची. पोट दुखलं तर बेंबीवर. दात दुखला तर कापसावर. पोराला ताप आला तर अंगभर चोळायची, एक-दोन चमचे पाण्यातून पाजायची, आणि जाड पांघरूण घालून निजवायचं. घाम फुटला की ताप उतरला. माझ्या आईने हेच केलं, सासूने हेच केलं, मी हेच केलं. पिणाऱ्याच्या हातात ती बाटली बघितली तर आम्ही तोंड फिरवायचो, आणि तीच बाटली तान्ह्याच्या तोंडाला लावायचो. यात काही विचित्र आहे हे पंचाहत्तर वर्षांत माझ्या एकदाही मनात आलं नाही.

गेल्या वर्षीचा तो दिवस. माझ्या नातवाची बायको रेश्मा डिचोलीला एका ऑफिसात कामाला जाते. नातू कारखान्यात. त्यांची सान्वी साडेतीन वर्षांची, दिवसभर माझ्याजवळ. आदल्या रात्रीपासून तिला ताप होता. पोटात काही ठरत नव्हतं. सकाळी दोन घास पेज दिली, तीही ओकली. रेश्माने तापाचं औषध पाजलं आणि निघताना मला सांगितलं, "आजी, दोन वाजता परत हे एवढंच द्या. थोडं थोडं पाणी पाजत रहा, साखर-मीठ घालून. साध्या पाण्याने अंग पुसा. आणि शाल घालू नका हां. मी अर्ध्या दिवसाने येते."

मी मान हलवली. मनात म्हटलं, तापल्या पोराला पाणी लावायचं आणि उघडं ठेवायचं! हिला पोर नको झालंय काय?

बारा वाजता सान्वी पुन्हा तापली. डोळे लाल, ओठ सुकलेले. मी फळीवरची बाटली काढली. तिची छाती, पाठ, तळपाय, सगळं चोळून काढलं. पाण्यातून एक मोठा चमचा पाजला. तिने तोंड वाकडं केलं. दुसरा पाजला. नंतर, अजून ताप आहेच म्हणून, तिसरा. वर माझी लोकरीची शाल.

अर्ध्या तासात तिला घाम फुटला. कपाळ, मान, सगळं ओलं. अंग गार झालं. ती गाढ झोपली. मी तिच्या बाजूला पंखा हलवत बसले. मला अभिमान वाटत होता, तो मी लपवत नाही. रेश्मा आली की दाखवणार होते, बघ, तुझ्या बाटलीने झालं नाही ते माझ्या बाटलीने केलं.

आमच्या मागच्या दोन खोल्यांत भाड्याने शांतव्वा राहते. बेळगावकडची, बांधकामावर जाते, नवरा रिक्षा चालवतो. त्या दिवशी काम बंद होतं म्हणून घरीच होती. कळशी भरायला आली आणि दारातूनच थबकली.

"आजी, पोरगी अशी का निजलीया?"

"ताप उतरला. घाम आलाय बघ."

तिने कळशी ठेवली, आत आली, सान्वीच्या गालावर हात ठेवला. "आजी, हे ताप उतरल्यालं न्हवं. ही गार पडलीया. सान्वे! ए सान्वे! ऊठ गं!" सान्वीची मान कापडाच्या बाहुलीसारखी एका बाजूला पडली.

मग तिचे हातपाय ताठ झाले. डोळे वर गेले. दात बसले. अंगाला झटके येऊ लागले.

मी काय केलं? मी तोच चमचा उचलला आणि तिच्या दातांत घालायला गेले. जीभ चावली जाऊ नये म्हणून, असंच करतात. समोरचा एक दात कट्कन तुटला. तो आवाज मला अजून ऐकू येतो. शांतव्वाने माझा हात धरून बाजूला फेकला. "तोंडात काय बी घालू नगा! सरका!" तिने सान्वीला कुशीवर वळवलं, तोंडातला दाताचा तुकडा बोट न घालता, मान खाली करून बाहेर पडू दिला, शाल ओढून फेकली आणि नवऱ्याला हाक मारली. हे तिला तिच्या गावी आशाताईने शिकवलं होतं. तिला वाचताही येत नाही. मी चार यत्ता शिकलेली.

रिक्षात सान्वी शांतव्वाच्या मांडीवर होती. मी बाजूला बसून देवाचं नाव घेत होते. डिचोली कधी नव्हे इतकी लांब वाटली.

इस्पितळात डॉक्टरीण तरुण होती. तिने सान्वीला बघत बघतच विचारलं, "पोटात काय गेलंय? काय दिलंत?"

"पेज," मी म्हटलं. "आणि तापाचं औषध."

"आणखी काही?"

"काही नाही."

खोटं बोलले. पोर समोर निपचित पडलेलं, आणि मला भीती कसली, तर लोक काय म्हणतील याची. रेश्मा काय म्हणेल याची. माझ्याबद्दल मला जे काही वाईट कळायचं होतं ते त्या दोन शब्दांत कळलं.

शांतव्वा मागे उभी होती. ती म्हणाली, "खरं सांगा की आजी. फेणी पाजलीसा न्हवं? घरात वास मारत हुता. डॉक्टरबाई, हिनं पाजल्या."

डॉक्टरणीने माझ्याकडे मान वर करूनही बघितलं नाही. "किती? केव्हा? सकाळपासून खाल्लंय काही?" शांतव्वाच्या तोंडाकडे बघत मी उत्तरं दिली. सान्वीच्या बोटाला सुई टोचून त्यांनी रक्त बघितलं, आणि लगेच शिरेतून साखरेचं पाणी सुरू केलं. मी भिंतीला टेकून उभी राहिले. थोड्या वेळाने सान्वीचे झटके थांबले. आणखी थोड्या वेळाने तिने डोळे उघडले. रेश्मा तोवर धावत येऊन पोचली होती. सान्वी आईकडे बघून रडवेल्या आवाजात म्हणाली, "माका उंडो होय." उंडो म्हणजे आमच्याकडचा गोल कडक पाव. तिथली नर्स हसली. रेश्मा हसली नाही. तिने पोरीच्या तोंडाचा वास घेतला आणि मग माझ्याकडे बघितलं. ओरडली असती तर बरं झालं असतं.

संध्याकाळी डॉक्टरीण आम्हा सगळ्यांना बाजूला घेऊन बोलली. आवाज चढवला नाही. म्हणाली, लहान पोर तापलेलं, त्यातून उपाशी. त्याच्या अंगात साखर आधीच कमी. त्यावर दारू पोटात गेली, की उरलेली साखरही झपाट्याने उतरते. अंगाला चोळलेली दारूही कातडीतून आणि श्वासातून आत जाते. "आजी, तो घाम ताप उतरल्याचा नव्हता. साखर उतरल्याचा होता. थंड घाम. मग ती गाढ झोप, ती झोप नव्हे, बेशुद्धी. मग झटके. वेळेत आणलंत म्हणून."

थंड घाम. गाढ झोप. झटके.

मी तिथेच जमिनीवर बसले. रेश्माला वाटलं मला चक्कर आली. चक्कर आली नव्हती. मला शालन आठवली.

पाच मुलं झाली, चार वाढली, असं मी वर लिहिलं. न वाढलेली ती शालन. दुसरी. अडीच वर्षांची होऊन गेली. पन्नास वर्षं झाली असतील. तेव्हाही काजूचेच दिवस होते. रस्त्याने खाणीचे ट्रक जायचे, झाडांच्या पानांवर लाल धूळ बसायची, आणि शालन अंगणात काजूच्या बिया रांगेत मांडत बसायची. आदल्या दिवशी ताप भरला. सकाळी काही खाल्लं नाही. मी बाटली काढली. घाम फुटला. गाढ झोपली. मी सासूला म्हटलं, ताप उतरला.

त्या दुपारी शेजारची इंदू आली होती. इंदू माझ्याच वयाची. तिला मूल नव्हतं. आमच्या पोरांना ती उचलून उचलून घ्यायची. आदल्याच दिवशी ती शालनला बघून म्हणाली होती, "काय गो दिसता ही, बावलेसारी!" त्या दुपारी आली, निजलेल्या शालनला तिने मांडीवर घेतलं, वाकून तोंड तोंडाजवळ नेलं, आणि तिचा चेहरा बदलला. म्हणाली, "ही बरी ना. हिका आत्ताच्या आत्ता डिचोलीक व्हर. ट्रकाक हात दाखय." मी रागावले. निजलेल्या पोराबद्दल असं अभद्र बोलते! मी शालनला तिच्या मांडीवरून काढून घेतलं आणि तिला जायला सांगितलं.

तासाभरात शालनला झटके आले. नवरा डोंगरावर होता. सासूने कांदा हुंगवला. देवाचा कौल लावणाऱ्या घाड्याला बोलावलं. दिवे लागायच्या आत शालन गेली.

घाड्याने तांदूळ टाकून सांगितलं, दिष्ट लागली. रिकाम्या कुशीची. नाव घेतलं नाही. घ्यायची गरज नव्हती. आदल्या दिवशी गोड म्हणाली, दुसऱ्या दिवशी अभद्र बोलली, आणि पोर गेलं. सगळं जुळत होतं.

तेव्हापासून इंदूशी मी बोलले नाही. फक्त मी नव्हे. मी सगळ्यांना सांगितलं. बारशाला तिला बोलावणं बंद झालं. बाळंतिणीच्या खोलीत तिला पाऊल टाकता येईना. ती वाटेने येताना दिसली की आया पोरांच्या तोंडावर पदर ओढायच्या. नव्या सुना आल्या, त्यांना कारणही ठाऊक नसायचं, पण त्याही पदर ओढायच्या. तिचा नवरा गेला, तेव्हाही मी दारापर्यंत जाऊन परत आले. या सगळ्या काळात फळीवरची बाटली दर वर्षी नवी येत होती. लता तापली, दिली. धाकटे दोघे तापले, दिली. वाड्यावरच्या किती पोरांना दिली ते मोजता येणार नाही.

त्या संध्याकाळी इस्पितळात मी डॉक्टरणीला विचारलं, "पन्नास वर्षांमागे एक पोर असंच गेलं. घाम, झोप, झटके. ते यानेच गेलं असेल काय?"

ती म्हणाली, "आता कोण सांगणार, आजी? ताप मेंदूत जातो, मलेरिया होता तेव्हा, नुसत्या तापानेही पोरांना झटके येतात. सांगता येणार नाही."

बिचारीने दया केली. मला दया नको होती. मला हो किंवा नाही हवं होतं.

रेश्माने दुसऱ्या दिवशी सान्वीला वाळपईला आपल्या आईकडे नेऊन ठेवलं. जाताना पाया पडली, नेहमीसारखी. म्हणाली, "आजी, तुमच्यावर राग नाही. पण सोडून जायला धीर होत नाही." खरं बोलली. मी तिच्या जागी असते तर पायाही पडले नसते. चतुर्थीला सान्वी परत आली, तुटक्या दाताने हसत. आता ती शाळेत जाते आणि दुपारी शांतव्वाकडे थांबते. माझ्याजवळ असते, पण दार उघडं असतं आणि शांतव्वा ये-जा करते. कुणी तसं ठरवून सांगितलेलं नाही. मला कळतं.

बाटली मी त्याच आठवड्यात परसात ओतली. ओतल्याने काय होतं? बाटल्या घरोघर आहेत.

वर्षभर मी इंदूच्या घराकडे जायचं ठरवत होते. घर काही परगावी नाही, चार घरं सोडून. आषाढात ठरवलं, गेले नाही. दिवाळीला फराळाचं ताट भरलं, पुन्हा डब्यात ओतलं. माफी मागायला जाणं मला जमत नाही, सवय नाही. आणि भीती होती. डॉक्टरणीला नाही सांगता आलं ते इंदूला सांगता येईल, असं मला आतून वाटत होतं. तिने त्या दुपारी शालनच्या तोंडाजवळ तोंड नेलं होतं. तिचा चेहरा का बदलला होता?

गेल्या रविवारी गेले. ती अंगणात बसून बोंडांच्या बिया पिळून वेगळ्या करत होती. एकीकडे बोंडांचा ढीग, एकीकडे बियांचा. पाठीला बाक आलाय, पण हात चालतात. तिने माझ्या हातातली काठी बघितली.

"मारूक इलंस काय गो?"

"बसूक तरी सांग आधी."

"पन्नास वर्सां उभी असंस. आणि घटकाभर रव."

मी उभीच राहिले. उभ्यानेच सांगितलं. सान्वीचं सांगितलं, डॉक्टरीण काय म्हणाली ते सांगितलं. मग म्हटलं, "इंदू, शालनक मी फेणी दिल्लंय. उपाशी पोटी. तुझी दिष्ट नाय लागली. माझो चमचो लागलो."

तिने एक बोंड उचललं, बी पिळली, टाकली. आणखी एक उचललं.

"माका खबर होता," ती म्हणाली.

मला वाटलं माझ्या ऐकण्यात चूक झाली. "कधीसून?"

"त्याच दिसासून. मांडयेर घेतल्लंय मगे तिका. तोंडाक फेणीचो भपको येय होतो. आणि अंग थंड. माझ्या बापाशीची भट्टी होती गो. पिऊन थंड पडलेली मोठी माणसां मी बघितल्ली. म्हणान सांगलंय, डिचोलीक व्हर."

"मग बोललंस कित्याक नाय? मागीर? माझ्या तोंडावर?"

आता तिने हात थांबवले. "बोलून काय झाला असता? पोर परत येय होता? तुझ्या पोटात लता होती तेव्हा, चौथो महिनो. सासू तुझी वाघीण. घोवाक कळला असता तर त्याने तुका घरात घेतली असती? आणि तू? तुझ्या परसातली बांय माका ठावक आसा, केवढी खोल ती." ती परत बिया पिळू लागली. "माका तुम्ही बारशाक नाय बोलवलात. नाय तर नाय. सगळ्यांची रडकी पोरां ऐकूची चुकली."

हसली. खरंच हसली. तिला दात उरलेले नाहीत.

माझ्या पायांखालची जमीन सरकली, असं लिहितात लोक. माझ्या पायांखाली जमीन होती, चांगली घट्ट होती, आणि मी तिच्यावर उभी होते, तेच सहन होत नव्हतं. पन्नास वर्षं ही बाई माझा गुन्हा आपल्या अंगावर घेऊन माझ्याच दारावरून पाणी न्यायची. मी पदर ओढायची, आणि तिला माहीत असायचं.

तिने पाट पुढे सरकवला. मी बसले. आम्ही दोघींनी मिळून तो ढीग संपवला. हाताला लावायला राख तिने दिली. 

घरी येताना मला रडू येईल असं वाटलं होतं. राग आला. तिच्यावर. उपकार मानायचे सोडून राग आला, आणि तो मी इथे लिहिते, कारण तो खरा आहे. ती तेव्हा बोलली असती, तर मी कदाचित परसातली ती विहीर बघितली असती. पण बाटली फळीवरून गेली असती. लताला, धाकट्यांना, वाड्यावरच्या त्या सगळ्या पोरांना मी चमचे पाजले नसते. त्यांतलं आणखी एखादं गेलं असेल काय? भाऊबंदांत त्या वर्षांत दोन पोरं तापाने गेली. त्यांच्या आया माझ्याकडे येऊन गेल्या होत्या की नाही, मला आठवत नाही. खूप प्रयत्न केला. आठवत नाही. सान्वीवर ती पाळी आली ती शांतव्वाने तोंड उघडलं म्हणून टळली. परकी बाई, भाडेकरू, घरमालकिणीच्या तोंडावर बोलली. इंदूने माझी दया केली आणि मी पन्नास वर्षं मोकळी हिंडले, चमचा घेऊन.

दोन दिवस राग धरला. तिसऱ्या दिवशी कळलं की तिने माझ्यासाठी गप्प राहावं असं मीच तिला करून ठेवलं होतं. जिच्या तोंडून निघालेला प्रत्येक शब्द अभद्र मानायचा असं आम्ही ठरवलेलं, तिने बोलायचं कुणाशी? ती खरं बोललीच होती. ट्रकाला हात दाखव, म्हणाली होती. आम्ही त्या खऱ्याचीच दिष्ट केली.

आमच्या वाड्याच्या खालच्या अंगाला एका घरात सून बाळंत झाली आहे. पहिलंच. तिच्या सासूच्या फळीवर बाटली आहे, मी बघितलेली आहे, एके काळी मीच तिला सांगितलं होतं ठेवायला. उद्या मी तिथे जाणार आहे. दोन गोष्टी सांगायच्या आहेत. पोर तापलं तर त्याला फेणी लावायची नाही, पाजायची नाही, ते खात नसेल आणि गार घाम येऊन निजलं असेल तर आधी गाडी बोलवायची. आणि हे मला कसं कळलं तेही सांगायचं आहे, शालनचं नाव घेऊन, सगळ्यांसमोर.

एकटी जाणार नाही. इंदूला घेऊन जाणार आहे. ती येत नाही म्हणते. "माका बघून त्या पोराच्या तोंडार फडको घालतले, कित्याक उगीच?" म्हणते. मी तिला सांगितलं आहे, घालू देत. तो फडका मी माझ्या हाताने काढणार, आणि पोर उचलून आधी तिच्या मांडीवर ठेवणार. त्या बाळंतिणीच्या सासूला आवडणार नाही. न आवडू दे.